जंगलातल्या खनिज-शोधाच्या बोअरला पर्यावरण मंजुरी लागते का, आणि आमच्या झिऱ्याचं काय?

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरून प्रश्न आला आहे. पाड्याच्या वरच्या अंगाला राखीव वन आहे. तिथे खनिजाच्या शोधासाठी १४ बोअर मारायचे आहेत, प्रत्येक २०० मीटर खोल. ग्रामसेवकांनी ग्रामसभेपुढे नाहरकतीचा ठराव ठेवला. पर्यावरणाचा अहवाल दाखवा म्हटल्यावर उत्तर मिळालं, "याला लागत नाही, ही काय खाण आहे का?" विचारणाऱ्या भाऊंचे तीन प्रश्न आहेत: हे खरं आहे का, जनसुनावणी मागता येईल का, आणि पाड्याचा झिरा, म्हणजे डोंगरातून पाझरणारा झरा, आटेल का.

मी भूवैज्ञानिक. निम्मी नोकरी रिगवर, म्हणजे बोअर मारायच्या यंत्रावर गेली, उरलेली नाशिकला बसून पर्यावरणाचे अहवाल लिहिण्यात. दोन्हीकडचं मीठ खाल्लं आहे, त्यामुळे दोन्हीकडच्यांना न आवडणारं काही ना काही खाली येईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ते खरं बोलले. पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. तिच्या मूळ मजकुरात खनिज पूर्वेक्षणाला, म्हणजे खाणीआधीच्या शोधाला, सूट होती, पण ज्यात ड्रिलिंग नाही अशाच पूर्वेक्षणाला. म्हणजे हातोडा, होकायंत्र आणि नमुन्याच्या पिशव्या घेऊन फिरा, हरकत नाही. रिग आणली की प्रश्न वेगळा. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीत हे दोन-तीन शब्द गेले आणि पूर्वेक्षण सरसकट सुटलं. त्यामुळे या टप्प्यावर मूल्यांकन अहवाल नाही, आणि अहवाल नाही म्हणून जनसुनावणीही नाही. तहसीलवर मोर्चा नेऊन "जनसुनावणी घ्या" म्हणालात तर समोरचा साहेब निवांतपणे अधिसूचना काढून दाखवेल आणि तुमची पहिलीच मागणी फुकट जाईल. मी हे दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा माणसं बरोबर होती, मागणी चुकली होती.

पुढे खाणीची वेळ आली की सुनावणी होईलच, अशा भरवशावरही राहू नका. पत्रात कोणतं खनिज लिहिलं आहे ते आधी वाचा. निकेल, प्लॅटिनम गट, टायटॅनियम, व्हॅनेडियम असलं काही असेल तर ती केंद्राच्या क्रिटिकल आणि सामरिक खनिजांच्या यादीतली नावं आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या यादीतल्या आणि आण्विक खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे तुमच्यासाठी आज जे ग्रामसभेपुढे आलं आहे, तेवढीच कदाचित बोलायची जागा.

बेसॉल्टच्या प्रदेशात हे धातू कशाला शोधतात, असं तुम्ही विचाराल. आपला सगळा जिल्हा काळ्या पाषाणाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. असाच लाव्ह्याचा अफाट प्रदेश सैबेरियात आहे आणि तिथल्या नोरिल्स्कला निकेल, तांबं आणि प्लॅटिनम गटाचे धातू मिळतात. तिथे आहे तर दख्खनमध्ये का नसावं, हा शोध घेणाऱ्यांचा तर्क. तर्क चुकीचा नाही. पण तर्क आणि साठा यांच्यात बरीच बोअर कोरडी जातात. कोयनेला शास्त्रीय अभ्यासासाठी खोल बोअर घेतलं, तेव्हा ९३३ मीटरवर बेसॉल्ट संपून खाली ग्रॅनाइट-नीस लागला. २०० मीटरचं बोअर म्हणजे या जाडीच्या वरवरचं टोचणं आहे.

पत्रात आणखी एक शब्द शोधा: जी-४, जी-३, जी-२ की जी-१. या शोधाच्या पायऱ्या आहेत. जी-४ ला बहुतेक नकाशे, माती-दगडाचे नमुने आणि चुकून एखाद-दुसरं बोअर. जी-३ ला बोअरचं विरळ जाळं. जी-२ ला तेच जाळं दाट होतं, आणि साधारणपणे तिथवर माहिती आली की खाणपट्ट्याचा लिलाव करता येतो. १४ बोअर म्हणजे बहुधा जी-३. धातू दिसला तर पुढच्या हंगामात आकडा वाढणार, हे ठरवून मगच ठराव लिहा. १४ च्या हिशेबाने दिलेली नाहरकत पुढे ६० बोअरला वापरलेली मी पाहिली आहे.

आता वनखातं. पर्यावरण मंजुरी लागत नाही याचा अर्थ कुणीच काही तपासत नाही असा नाही. जाडजूड अहवालाऐवजी परीक्षण होतं ते वनखात्याच्या दोन-तीन पानी अटीपत्रात. १९८० चा वन संवर्धन कायदा २०२३ मध्ये दुरुस्त झाला, त्याचं नावही बदलून वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम झालं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. त्यात एक पोटकलम आलं: सर्वेक्षण, पूर्वेक्षण, भूकंपलहरींची चाचणी ही कामं कोणत्या अटींवर 'वनेतर वापर' धरायची नाहीत, ते केंद्र आदेशाने ठरवेल. ही सवलत एका रात्रीत आलेली नाही. जुन्या मार्गदर्शक सूचनांतही १०० चौरस किलोमीटरला चार इंच व्यासाची १० पर्यंत बोअर, झाड न तोडता, चालून जात होती. पुढे तो आकडा सैल होत गेला. म्हणून तुम्हाला मिळालेल्या पत्रात कोणत्या तारखेच्या सूचनेचा आधार घेतला आहे, ब्लॉकचं क्षेत्रफळ किती, बोअरचा व्यास किती, हे तिन्ही मागा. व्यासाचा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं, हा माणूस वाचून आला आहे.

त्या सूचनांत एक वाक्य मात्र तेव्हापासून आहे, ते ठरावात उतरवून घ्या: शोधाला परवानगी दिली म्हणजे पुढे वनजमीन खाणीसाठी वळती करून देण्याची हमी दिली असा अर्थ होत नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९७० पासून पर्यावरण परीक्षणाचा कायदा आहे, पण सरकारी वनजमिनीवर एका वर्षाच्या आत आटोपणाऱ्या खनिज-शोधाला तिथलं वनखातंही सविस्तर परीक्षणातून सोडतं. कॅलिफोर्नियात इन्यो राष्ट्रीय वनात सोन्याच्या शोधाचा असाच प्रस्ताव आला. ड्रिलिंग वर्षाच्या आत होणार होतं, पण उकरलेली जागा पूर्ववत करायला तीन वर्षं लागणार होती. वनखात्याने एक सवलत ड्रिलिंगला लावली, दुसरी पूर्ववत करण्याला, आणि दोन्ही जोडून सविस्तर परीक्षण टाळलं. २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की कोणतीही एक सवलत सगळ्या कामाला पुरत नसेल, तर दोन अर्ध्या सवलती शिवून एक पूर्ण करता येणार नाही. तो निकाल आपल्याकडे लागू नाही. पण त्यातला हिशेब घेण्यासारखा आहे: ड्रिलिंग एक वर्ष, निस्तरणं तीन वर्षं. आपल्याकडच्या अटीपत्रांत बहुधा पहिल्याचीच मुदत लिहिलेली असते.

आता झिरा. याच्यावर जरा जास्त बोलतो, कारण तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

आपल्याकडे विहीर खोदणाऱ्याला विचारा, तो थर सांगेल: वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच गेरू. लाव्हा एकदाच आलेला नाही. थरावर थर बसले. दोन थरांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजला, भाजला आणि तांबडी चिकणमाती झाली, तो गेरू. मांजऱ्या म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला खडक. आपल्या पांडवलेण्याजवळच्या खाणीतला हिरवा अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत गेला, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जी स्फटिकं काचेआड ठेवली आहेत, ती याच जातीच्या पोकळ्यांत वाढली. पोकळ्या भरल्या तरी मांजऱ्या वरच्या बाजूला कुजतो, भेगाळतो आणि पाणी धरतो. खालचा गेरू किंवा अखंड पाषाण ते पाणी खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं सरकतं आणि जिथे डोंगराची कड हा थर कापते तिथे बाहेर येतं. तोच तुमचा झिरा. पावसाळ्यात भरलेलं ताट आहे ते, आणि गेरू हे त्या ताटाचं बूड.

बोअर मारणं म्हणजे या ताटाच्या बुडाला भोक पाडणं. भोक चार इंचांपेक्षा लहानच असतं. एचक्यू म्हणतात त्या मापाचं छिद्र ९६ मिलिमीटर, एनक्यूचं त्याहून बारीक, ७६ च्या आसपास. पण पाण्याला खाली जायला तेवढं पुरतं. खाली भेगाळ थर लागला आणि छिद्र उघडं राहिलं, तर वरचं पाणी रात्रंदिवस खाली गळत राहतं. झिऱ्याला जे फेब्रुवारी-मार्चात मिळायचं ते दिवाळीलाच संपायला लागतं.

म्हणून "झिरा आटेल का" याला माझं उत्तर असं: बोअरमुळे आटेलच असं नाही. बोअर झिऱ्याच्या पाणलोटात असेल, त्याने झिऱ्याखालचा गेरू फोडला आणि नंतर ते नीट बुजवलं नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर धोका खरा आहे. पहिल्या दोन गोष्टी टाळता येतात किंवा निदान माहीत करून घेता येतात. तिसरी शंभर टक्के माणसाच्या हातातली आहे, आणि नेमकी तीच बिघडते.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, सह्याद्रीतल्याच एका डोंगरावरची. जिल्हा आणि कंपनी सांगत नाही. तिसऱ्या बोअरला ३८ मीटरवर कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारा दगडाचा दांडा, तांबडी आली आणि पुढच्या तासाभरात रिटर्न गेला. रिटर्न म्हणजे वरून सोडलेलं पाणी चिखल घेऊन परत वर येतं ते. ते येईना. ड्रिलर म्हणाला, साहेब, डोंगर पाणी पितोय. आम्ही टँकरवर टँकर ओतले, भेगा बुजवणारी बेंटोनाइट माती टाकली, कसंबसं काम पुरं केलं. हंगाम संपताना कंत्राटदाराने सांगितलं, सगळी बोअरं बुजवली. मी दुसऱ्या साइटवर होतो. परत जाऊन पाहिलं नाही. अहवालात 'सर्व छिद्रे सिमेंटने बुजवली' असं लिहिलं आणि सही केली.

पुढच्या होळीला त्या बाजूने जाणं झालं. खालच्या वाडीतल्या बायका झिऱ्यावर रांग लावून बसल्या होत्या. आधी हंडा लावून दोन शब्द बोलेपर्यंत भरायचा, आता भाकऱ्या थापून परत यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी वर गेलो. तिसऱ्या बोअरच्या तोंडावर सिमेंटचं नीटस टोपण होतं, वर क्रमांकही कोरलेला. पहारीने टोपण हलवलं. खाली हातभर दगडमाती, तिच्याखाली पोकळ. खडा टाकला तर आवाज बराच वेळ खाली जात राहिला. कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर तयार होतं: यंदा पाऊस कमी झाला. पाऊस खरंच कमी झाला होता. आणि झिरा आधी किती वाहायचा याचा एकही आकडा ना माझ्याकडे होता, ना वाडीकडे, ना वनखात्याकडे. माझी सही तेवढी होती, तीही उलट बाजूने.

त्यानंतर मी ज्या ज्या गावाला सल्ला दिला, त्याला आधी एकच काम सांगितलं. मोजा. कंपनीशी भांडायच्या आधी, ठरावाच्या आधी, रिग यायच्या आधी झिरा मोजा. यंत्र लागत नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ. धार एका पन्हळीत आणा, बादली भरायला किती सेकंद लागले ते तीनदा मोजा, सरासरी लिहा. २५ सेकंद लागले तर मिनिटाला २४ लिटर. दर आठ दिवसांनी, एकाच वारी, सकाळी बायका यायच्या आत. वही शाळेतल्या मुलांकडे द्या, पण दर महिन्याला ग्रामसभेत वाचून सही-अंगठे घ्या. माप घेताना जागेचा फोटो काढा, त्यात मोबाइलचं स्थान येऊ द्या. एक झिरा नको. बोअरच्या बाजूचे दोन आणि डोंगराच्या उलट अंगाचा एक, असे तीन मोजा. उलट बाजूचा झिरा तुमचा साक्षीदार आहे. पाऊस कमी झाला तर तिन्ही उतरतील. बोअरच्या बाजूचेच उतरले तर पावसाचं कारण चालणार नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला त्यांची पातळी घेतात. तुमच्या भागातल्या विहिरीचे जुने आकडे माहितीच्या अधिकारात मागा. पण ती विहीर तुमच्या झिऱ्याच्या थरातली असेलच असं नाही, त्यामुळे बादलीला पर्याय नाही.

पाण्याची दुसरी बाजू लोक विसरतात: रिगलाही पाणी लागतं. रिटर्न नीट येत असेल तर रोजचे काही हजार लिटर, डोंगर प्यायला लागला तर कितीही. आणि ते सगळ्यात जवळून उचलतात. सुरगाणा-पेठकडे पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि एप्रिलमध्ये बाया विहिरीच्या तळाशी उतरतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. तेव्हा अट सरळ लिहा: गावाच्या, पाड्याच्या वा जनावरांच्या पाण्यातून रिगसाठी एक थेंबही उचलायचा नाही, पाणी धरणावरून परवानगीने, टँकरची नोंद ठेवून.

आता रस्ता. छिद्र चार इंचांचं असतं, रस्ता चार मीटरांचा. साधं गणित करून दाखवतो. १४ बोअरच्या १४ जागा, प्रत्येकी १२ मीटर लांब-रुंद धरली तर दोन हजार चौरस मीटर, म्हणजे अर्धा एकर. ट्रकवरची रिग डोंगरावर न्यायला दीड किलोमीटर वाट चार मीटर रुंद काढली तर सहा हजार चौरस मीटर. तिप्पट. आणि छिद्र बुजतं, वाट बुजत नाही. रिग गेल्यावर त्याच वाटेने लाकडाची गाडी जाते, मुरमाची जाते, चार पावसांत तिची घळ होते आणि खालच्या वनपट्ट्यांत दगड येतात. म्हणून "ट्रकची रिग की सुटी करून नेता येणारी?" हा प्रश्न जरूर विचारा. लहान रिग भाग सुटे करून माणसांच्या खांद्यावर, जुन्या पायवाटेने वर जाते. महाग पडते, वेळ लागतो, आणि २०० मीटरचं बोअर तिच्याने होतं का हे त्यांच्या ड्रिलरला विचारा, साहेबाला नको. होत असेल तर नव्या वाटेला ग्रामसभेने साफ नाही म्हणावं. माझ्या मते सगळ्या ठरावातली ही सगळ्यात किमती ओळ आहे.

'झाडतोड नाही' या अटीवर फार खूश होऊ नका. तिच्यामुळे एक उलटं होतं. झाड तोडायचं नाही म्हणून रिग सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर ठेवतात, कारण तिथे झाडच नसतं. कागदावर 'वृक्षहानी शून्य'. पण सड्यावरच्या वीतभर मातीत पावसाळ्यात जे उगवतं ते दुसरीकडे उगवत नाही. अंजनेरीच्या सड्यावरचं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, त्या डोंगराचंच नाव घेऊन जगाला माहीत झालं. जानेवारीत त्या जागी उभं राहिलात तर वाळलेलं गवत आणि दगड दिसेल, आणि पाहणीचा पंचनामा बहुधा जानेवारीतच होतो. तुमच्या सड्यावर पावसाळ्यात काय उगवतं, कोणता कंद कुठे निघतो, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना अहवाल लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. नकाशावर त्यांच्याकडून खुणा करून घ्या आणि तो नकाशा ठरावाला जोडा. कड्यावर गिधाडांची घरटी असतील तर तीही. हरसूल-खोरीपाड्याकडे गिधाडांसाठी लोकांनी आणि वनखात्याने मिळून काम केलं आहे, हा दाखला सांगता येतो. लांब चोचीची गिधाडं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कड्यावर वीण करतात, आणि रिगचा हंगामही तोच. इथे तारखा बदलून भागत नाही, जागाच बदलावी लागते.

तारखांचं म्हणाल तर पावसात काम नको, कारण चिखलाचा खड्डा भरून वाहतो आणि सगळं ओढ्यात येतं. मार्चनंतर नको, कारण वाळल्या गवतात एक ठिणगी पडली की वणवा. उरतो दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ. तेवढ्यात १४ होत नसतील तर सात करा म्हणावं.

ग्रामसभेच्या अधिकाराबद्दल दोन टोकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. एक म्हणतो, पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आहे, आम्ही नाही म्हणालो की संपलं. दुसरा म्हणतो, ग्रामसभेला कोण विचारतो. सुरगाणा, पेठ आणि कळवण हे पूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे पेसा लागू आहे यात वाद नाही. पण पेसा कायद्यात पूर्वेक्षण परवान्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक केली आहे ती गौण खनिजांसाठी: मुरूम, दगड, वाळू. निकेलला ते कलम पुरत नाही. वनजमीन वळती करताना ग्रामसभेची संमती, ही २००९ च्या परिपत्रकापासूनची गोष्ट. पण बोअरला ते वळतीकरणच मानत नाहीत, म्हणून तिथेही ते निसटतात. ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचं उदाहरण बरेच जण देतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं आणि बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या, हे खरं आहे. पण ती खाण होती, खाणीचा शोध नव्हता.

तुमच्या हातात आहे ते वनहक्क कायद्याचं कलम ५. जिथे वनहक्कधारक आहेत तिथल्या ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ते कलम देतं. त्यामुळे ठराव 'विरोध' किंवा 'नाहरकत' एवढ्या एका शब्दाचा करू नका. कलम ५ चा उल्लेख करून, झिऱ्यांची नावं, वनातल्या कक्षाचा क्रमांक, मोजलेले आकडे आणि अटी लिहा, आणि प्रत उपवनसंरक्षकांना पोच घेऊन द्या. सामूहिक वनहक्काचा दावा पडून असेल तर तेही लिहा. कोरा विरोध फायलीत जातो. आकड्यांचा ठराव फायलीत गेला तरी पुढच्या माणसाला सही करताना दिसतो.

आणखी एक कागद जोडा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा ३१ जुलै २०२४ ला सहाव्यांदा निघाला. त्यात खाणकामाला बंदी सुचवली आहे. गावांच्या यादीत तुमचं नाव आहे का पाहा. असेल तर साधा प्रश्न विचारा: जिथे खाण होऊ द्यायची नाही असं केंद्रच म्हणतंय, तिथे हा शोध कशासाठी? याचं लेखी उत्तर मागा. उत्तर येईपर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात तुमच्या वहीत आठ-दहा मापं जास्त होतात.

शेवटी बुजवणं. 'छिद्र बुजवावे' ही अट बहुतेक अटीपत्रांत असते, कसं बुजवावं हे नसतं. तुमच्या ठरावात असं लिहा: सिमेंटचा रबडा नळीने तळापर्यंत सोडून खालून वर भरत यायचा, वरून ओतायचा नाही, कारण वरून ओतलेला मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सोडून दिलेल्या पाण्याच्या बोअरवेलबद्दल निर्देश दिले, त्यातही तळापासून जमिनीपर्यंत भरा असंच म्हटलं आहे. ते मुलं पडण्याच्या अपघातांवरून आले, पण दाखला म्हणून चालतात.

आणि गोण्या मोजा. ९६ मिलिमीटरचं २०० मीटर छिद्र म्हणजे साधारण साडेचौदाशे लिटर पोकळी. सिमेंटच्या एका ५० किलोच्या गोणीचा, निम्म्या वजनाचं पाणी घालून, ४० लिटरच्या आसपास रबडा होतो. म्हणजे एका बोअरला ३५ गोण्या. बारीक एनक्यूचं असेल तर २२. भेगा पीत असतील तर जास्तच. १४ बोअरला मापाप्रमाणे तीनशे ते पाचशे गोण्या डोंगरावर चढलेल्या दिसल्या पाहिजेत. त्या दिवशी पाड्यावरची दोन माणसं वर बसवा, रिकाम्या गोण्या मोजा, प्रत्येक बोअरपाशी फोटो काढा. माझ्या त्या तिसऱ्या बोअरला किती गोण्या गेल्या होत्या, हे नंतर कंत्राटदाराच्या मुकादमानेच सांगितलं: एक, तीही टोपणासाठी.

कोअर पेट्याही बघायला मागा. ते नाही म्हणतील, माहिती गोपनीय आहे म्हणतील. धातूचे आकडे नकोत, फक्त तांबडा थर किती मीटरवर लागला आणि रिटर्न कुठे गेला तेवढं द्या म्हणा. ड्रिलरच्या रोजच्या नोंदवहीत दोन्ही असतं. तो आकडा तुमच्या झिऱ्याच्या उंचीशी जुळवून बघायला मला पाठवलात तर मी नकाशावर मांडून देईन. ग्रामसभेची तारीख अजून ठरली नसेल, तर पहिलं बादलीचं माप त्याआधी घेऊन ठेवा, ठरावात भरायला लागेल.